शिष्यवृत्ती मागितली, उमेदवारी विसरलो

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगी येते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय जैवतंत्रज्ञान. गेल्या उन्हाळ्यात तिला कॅन्सरवर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने शिकायला जायचं होतं. तिने २२ ठिकाणी ई-मेल केले. २० ठिकाणांहून काहीच आलं नाही. एका ठिकाणाहून फोन आला : महिनाभराच्या 'ट्रेनिंग'चे १८ हजार रुपये, प्रमाणपत्रासह. राहिलेल्या एका ठिकाणी तिला समक्ष बोलावलं, नाव-गाव विचारलं आणि मग विचारलं, "कुणाच्या ओळखीने आलीस?" ती म्हणाली, कुणाच्याच नाही. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

तिच्याच वर्गातल्या दोघांना अशाच प्रयोगशाळांत जागा मिळाली. एकाची मावशी संशोधक आहे, दुसऱ्याचे वडील डॉक्टर. त्या मुलांवर माझा राग नाही. पण तिघांचे गुण जवळपास सारखे असताना हे घडलं. आता पुढच्या वर्षी एम.एस्सी.च्या, नंतर पीएच.डी.च्या मुलाखतीत त्या दोघांना विचारलं जाईल, "आधी कुठे काम केलंय?" आणि त्यांच्याकडे उत्तर असेल. त्या दिवशी त्याला 'मेरिट' म्हटलं जाईल.

मी समाजशास्त्र शिकले. पिपेट हातात धरायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण दार कुणासाठी उघडतं आणि कुणासाठी नाही, हा माझ्याच विषयाचा प्रश्न आहे, म्हणून या दाराचा इतिहास शोधत गेले. सुरुवात बाबासाहेबांपासून झाली.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन गव्हर्नर जनरलला दिलं. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या निवेदनात शिक्षणाविषयी त्यांनी जे मांडलं ते आपण फारसं वाचत नाही. कला आणि कायदा या शाखांचं शिक्षण आपल्या समाजाला फार पुढे नेणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानातलं वरच्या दर्जाचं शिक्षण नेईल, आणि ते आपल्या ऐपतीबाहेरचं आहे म्हणून सरकारने त्याचा खर्च उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतः कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित हे लिहितो, याचा विचार करा. त्यासाठी त्यांनी देशातल्या आणि परदेशातल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. आणि त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या.

उमेदवार म्हणजे निवडणुकीतला नव्हे. आपल्या आजोबांच्या पिढीत 'उमेदवारी करणे' याचा अर्थ होता उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणे. बाबासाहेबांना माहीत होतं की वर्गात बसून यंत्र कळत नाही. यंत्रासमोर उभं राहायला मिळावं लागतं, आणि जात नेमकी तिथेच आडवी येते. पुस्तक एकवेळ विकत घेता येतं. उस्तादाच्या शेजारची जागा विकत मिळत नाही.

पहिली मागणी आपण धरून ठेवली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्यावर तीन पिढ्या शिकल्या, आणि ती वेळेवर मिळावी म्हणून आजही मोर्चे निघतात. बार्टीच्या संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी आपली मुलं २०२३ मध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसली. ती लढाई खरीच होती. पण उमेदवारीची मागणी आपल्या हातून कधी निसटली, ते आपल्याला कळलंही नाही.

आणि आजच्या जीवशास्त्रात उमेदवारी नेमकी पदवीच्या वर्षांतच होते. पेशी वाढवायला शिकणं हे रेसिपी वाचून होणारं काम नाही. ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये बशीत वाढणाऱ्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवं अन्न द्यायचं, दाटी झाली की अर्ध्या काढून नव्या बशीत घालायच्या, आणि हे सगळं करताना बुरशी किंवा जिवाणू आत जाऊ द्यायचे नाहीत. नवख्याच्या पहिल्या चार-पाच बश्या बिघडतातच. पीसीआर लावला, जेल चालवली, पट्टा दिसायला हवा तिथे दिसला नाही. मग चूक नमुन्यात होती की मोजमापात की डोक्यात, हे शोधायचं. आठ आठवड्यांत शोध लागत नाही. पण प्रयोग फसणं म्हणजे आपण नापास होणं नाही, हे त्या आठ आठवड्यांत अंगात मुरतं. ज्याच्या घरात हे कुणी सांगणारं नाही, त्याला हे पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी कळतं, तेही एकट्याने, आणि तोवर बरोबरीचे पुढे गेलेले असतात. अधिछात्रवृत्ती हातात असूनही आपली मुलं तिथे का कोलमडतात, याचं एक उत्तर मला इथे सापडतं. एकच उत्तर नाही, पण एक.

ही उमेदवारीची लढाई जगात कुणी जाणीवपूर्वक लढली असेल तर ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी. त्यांच्याकडे पाहणं आपल्याला नवं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये पँथर हे नावही तिकडूनच आलं. पण त्यांच्या रस्त्यावरच्या लढ्याएवढी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या लढ्याची आपल्याकडे चर्चा झाली नाही.

ती गोष्ट बाल्टिमोर शहरात सुरू होते. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही ३० वर्षांची, तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली कृष्णवर्णीय बाई जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. तिथे तेव्हा कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे होते. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला, आणि माणसाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढत राहण्याची ती पहिली घटना ठरली. चोवीस तासांत दुप्पट होणाऱ्या त्या पेशींना 'हेला' नाव पडलं. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली. तिच्या पेशी जगभर गेल्या, त्यांच्यावर उद्योग उभे राहिले, आणि घरच्यांना दोन दशकं पत्ताही नव्हता.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं की शास्त्रज्ञ वेगवेगळ्या म्हणून वापरत असलेल्या कितीतरी पेशी प्रत्यक्षात हेलाच होत्या. हेला इतर बश्यांत शिरली होती आणि सगळ्यांना पुरून उरली होती. ज्या प्रयोगशाळांत तिच्या लेकरांना कुणी उभं केलं नसतं, तिथे तिचा 'विटाळ' कधीच पोचला होता.

हेलाचा पुढचा अध्याय मात्र कमी सांगितला जातो. पोलिओची लस तपासायला या पेशी प्रचंड प्रमाणात हव्या होत्या, आणि त्या तयार करण्याचं काम १९५३ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी संस्थेला मिळालं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये उभी केलेली ही कृष्णवर्णीयांची संस्था. रसेल ब्राउन आणि जेम्स हेंडरसन हे दोन कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आधी मिनेसोटा विद्यापीठात जाऊन पेशीसंवर्धन शिकून आले, मग त्यांनी कृष्णवर्णीय तंत्रज्ञांची फळी तयार केली. भर जोमात तिथून आठवड्याला सुमारे २० हजार नळ्या निघत. हे चालू होतं त्याच काळात, त्याच टस्कीगीच्या परिसरात अमेरिकन सरकारचं आरोग्य खातं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा कुप्रसिद्ध अभ्यास चालवत होतं. त्यांतल्या आजारी माणसांना औषध उपलब्ध असूनही दिलं गेलं नाही, आणि हे १९३२ ते १९७२ असं चाळीस वर्षं चाललं. एकाच गावात काळं शरीर प्रयोगाचं सामान होतं आणि काळे हात प्रयोग करायला शिकत होते. पुढे पेशी विकणारी खासगी कंपनी आली आणि टस्कीगीचं केंद्र बंद पडलं. हात तयार झाले होते, पण त्या हातांना पुढे नेणारी शिडी नव्हती.

शिडी ज्यांना मिळाली त्यांना ती घरातून मिळाली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लुई राइट या कृष्णवर्णीय शल्यविशारदाने १९४८ मध्ये हार्लेम रुग्णालयात कॅन्सर संशोधन केंद्र काढलं. (बाबासाहेब १९१३ ते १९१६ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे.) पुढच्या वर्षी त्यांची डॉक्टर मुलगी जेन कुक राइट तिथे रुजू झाली. रुग्णाच्या गाठीतल्या पेशी बाहेर वाढवून त्यांच्यावर औषध आधी तपासायचं, ही पद्धत विकसित करण्यात तिचा मोठा वाटा आहे. मेथोट्रेक्सेट स्तनाच्या कॅन्सरवर परिणाम करतं, हे १९५१ मध्ये दाखवणाऱ्यांत ती होती. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांची संघटना स्थापन करणाऱ्या सात जणांत ती एकटी स्त्री आणि एकटी कृष्णवर्णीय. तिचं कर्तृत्व निर्विवाद. पण एका हार्लेममध्ये किती मुलींचे बाप कॅन्सर संशोधन केंद्र चालवत होते?

हाच प्रश्न आपल्याकडे विचारू. डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या पुढच्या शिक्षणासाठी गेल्या त्या बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत. म्हणजे हेन्रिएटाच्या पेशी जिथे वाढल्या तिथली विद्या महाराष्ट्रात आली ती रणदिव्यांच्या हातून. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि स्त्री शास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण त्यांचे वडील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते, आणि पती गणितज्ञ होते. त्यांची उमेदवारी घरात झाली. आपल्या देशात विज्ञान असंच वारशाने उतरत आलं आहे, जसा सातबारा उतरतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी या वारशाला पर्याय काढला, तो नागरी हक्कांच्या चळवळीनंतर. १९७२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांना संशोधनासाठी पैसा देणारी योजना आली. १९७७ पासून 'मार्क' या योजनेखाली पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विद्यावेतन मिळू लागलं, आणि सुट्टीत मोठ्या प्रयोगशाळेत जायची सोय झाली. विद्यावेतन या शब्दावर मुद्दाम थांबते. गरीब घरातला मुलगा उन्हाळ्यात फुकट शिकू शकत नाही, कारण उन्हाळा हा त्याच्या कमाईचा हंगाम असतो. पुढे २००१ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने शाळकरी वयापासूनच वंचित गटांतली मुलं कॅन्सर प्रयोगशाळांत आणायची योजना काढली.

आणि गोष्ट पुन्हा बाल्टिमोरला येते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मुलांचा मोर्चा निघाला होता. त्यात १२ वर्षांचा फ्रीमन ह्राबोवस्की तुरुंगात गेला. तो गणितज्ञ झाला आणि मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत आला. १९८८ मध्ये मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून त्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत १९ जण होते, सगळे मुलगे. मुली दोन वर्षांनी आल्या, आणि १९९६ पासून तो सर्वांना खुला झाला. कार्यक्रमात जादू काही नव्हती. पहिलं वर्ष सुरू होण्याआधी सहा आठवड्यांचं निवासी शिबिर. एकट्याने अभ्यास करायचा नाही, गटाने करायचा. ज्याला येतं त्याने दुसऱ्याला शिकवायचं. आणि लवकरात लवकर खऱ्या प्रयोगशाळेत, खऱ्या प्रश्नावर काम.

त्याचा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. विद्यापीठाने तुलना केली ती निवड होऊनही दुसरीकडे गेलेल्या मुलांशी, म्हणजे पात्रता तीच, फक्त वाट वेगळी. विज्ञानातल्या पीएच.डी.पर्यंत पोचण्याची शक्यता मायरहॉफच्या मुलांत जवळपास पाचपट निघाली. गुणवत्ता जन्मजात असती तर हा फरक पडायला नको होता. किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून २००८ मध्ये पदवीधर झाली. त्याआधी शाळेत असताना, गरीब घरांतल्या मुलांना रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत नेणाऱ्या 'प्रोजेक्ट सीड'मधून तिने सुट्टीत विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. कोविडच्या मॉडर्ना लसीमागच्या संशोधनात एनआयएचमधली ती आघाडीची शास्त्रज्ञ होती.

हे सगळं गुलाबी नाही. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं की शिक्षण, अनुभव, प्रकाशनं सारखी धरली तरी एनआयएचचं अनुदान मिळण्यात कृष्णवर्णीय संशोधक सुमारे १० टक्के अंकांनी मागे राहतात. म्हणजे दारातून आत गेल्यावरही घर आपलं होत नाही. आणि २०२५ मध्ये, नव्या सरकारच्या काळात, एनआयएचने 'मार्क' आणि तिच्यासारख्या योजनाच बंद केल्या. जवळपास अर्धशतक चाललेली शिडी एका निर्णयाने काढून घेतली गेली. ज्यांना वाटतं की एकदा मिळवलेलं कायम राहतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. विज्ञानाच्या तीन राष्ट्रीय अकादमींची उन्हाळी अधिछात्रवृत्ती आहे, दोन महिने विद्यावेतनासह. २००४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम आहे, त्यात जीवशास्त्रही आहे. हे केंद्र कुठे आहे? मानखुर्दला. गोवंडी-मानखुर्दच्या आपल्या वस्त्यांपासून रिक्षाच्या अंतरावर. त्या वस्त्यांतल्या किती मुलांना हे माहीत आहे? मी अनेक अभ्यासिकांत जाते. भिंतीवर एमपीएससीचं वेळापत्रक असतं, पोलीस भरतीची जाहिरात असते. या कार्यक्रमाचं पत्रक मी एकाही भिंतीवर पाहिलेलं नाही. हा दोष ब्राह्मणी व्यवस्थेचा नाही, आपला आहे. साहेब व्हायची वाट आपण मुलांना दाखवली. शास्त्रज्ञ व्हायची वाट आपल्यालाच ठाऊक नव्हती.

व्यवस्थेचा दोष वेगळा, आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतल्या शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये झाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्याचं कलम ४ आणि मागची अनुसूची वाचा. तिथे काही संस्थांना आरक्षणातून वगळलं आहे : होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था, त्यांत टाटा मेमोरियल सेंटर, शिवाय टाटा मूलभूत संशोधन संस्था. खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र टाटा मेमोरियलचाच भाग, आणि मानखुर्दचं केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. म्हणजे मुंबई परिसरात कॅन्सर आणि रेणवीय जीवशास्त्र शिकवणाऱ्या या मोठ्या दारांवर उस्ताद कोण असणार, हे ठरवताना आरक्षण लागू नाही. उस्ताद आपला नसेल तर उमेदवार आपला होणारच नाही असं मी म्हणत नाही. हेन्रिएटाच्या शहरात गोऱ्या प्राध्यापकांनीही कृष्णवर्णीय मुलं घडवली. पण तिथे त्यांच्या मागे योजना होती, पैसा होता, आणि किती मुलं आली याचा हिशेब मागणारं कुणीतरी होतं.

त्यात आता नवं शिक्षण धोरण. चार वर्षांच्या पदवीत 'संशोधनासह ऑनर्स' हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत, अशी यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यातली अट आहे. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्याला ७१ टक्के मिळाले, तर संशोधनाचं दार तिथेच बंद. आणि ७५ मिळाले तरी तालुक्याच्या कॉलेजात पेशी वाढवायची सोय कुठे आहे? किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा २०२२ नंतर झालीच नाही. तिच्याविषयी आंदोलन सोडा, साधी पोस्टही मला दिसली नाही.

कुणी म्हणेल, गावात अत्याचार होतायत, नोकऱ्या जातायत, आणि तुम्हाला प्रयोगशाळेचं पडलंय. हे मी बैठकीत ऐकलेलं आहे. १९४२ मध्ये महायुद्ध चालू होतं, गावोगाव अस्पृश्यता पाळली जात होती, तरी बाबासाहेबांनी रेल्वेच्या कारखान्यातली उमेदवारी मागितलीच.

म्हणून मागणी सरळ आहे. बार्टीने पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीबरोबर पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी उन्हाळी संशोधन विद्यावेतन सुरू करावं, राहण्या-जेवण्याच्या खर्चासह. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांनी उन्हाळी जागा उघड जाहीर कराव्यात, ओळखीच्या फोनवर भरू नयेत, आणि कोणत्या प्रवर्गातले किती विद्यार्थी घेतले हे दरवर्षी छापावं. ही माहिती आज माहितीच्या अधिकारात मागता येते, कार्यकर्त्यांनी मागावी. आणि २०१९ च्या कायद्यातली ती अनुसूची रद्द व्हावी, हा विषय आपल्या खासदारांपुढे न्यायला हवा.

ती मुलगी या वर्षी पुन्हा अर्ज करतेय. या वेळी ई-मेल नाही, अकादमीचा रीतसर अर्ज. त्यात आपल्याला काय शिकायचंय ते थोडक्यात लिहायचं असतं. चार संध्याकाळी आम्ही त्यावर बसलो. विज्ञान तिचं, शुद्धलेखन माझं. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, 'मला संधी द्यावी ही नम्र विनंती'. ते वाक्य काढायला लावलं, आणि त्या जागी तिने कोणत्या प्रथिनाबद्दल काय वाचलंय ते लिहिलं. आता एका शिक्षकाचं शिफारसपत्र हवं आहे. "ताई, सरांना माझं नावसुद्धा आठवणार नाही," म्हणाली. सोमवारी तिच्याबरोबर कॉलेजात जायचं ठरलं आहे.